संगणकाच्या दारातील रांग

रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचे आरक्षण आदल्या दिवशी सुरू होते. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर डब्यांसाठी ११ वाजता. त्या क्षणी देशभरातील असंख्य माणसे एकाच संकेतस्थळाचे दार ठोठावीत असतात. अशा दाराशी उभा असलेला संगणक म्हणजे वेब-सर्व्हर. कुणाला गाड्यांचे वेळापत्रक पाहावयाचे असते, कुणी भाडे विचारतो, तर कुणी प्रवाशांची नावे भरून पैसे देण्याच्या पायरीवर पोहोचलेला असतो. सर्व्हरच्या लेखी या साऱ्या विनंत्याच. त्याला निराळे काही शिकविले नसेल, तर तो त्या सामान्यतः आलेल्या क्रमाने हाती घेतो.

हा क्रम न्यायाचा दिसतो. परंतु गर्दी वाढली की तोच सर्वांना जाचक होतो. रांगांच्या शास्त्राचा पाया कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये घातला. या शास्त्रातील सर्वांत साधा हिशेब असा, की यंत्र निम्मे व्यग्र असेल तर विनंतीला मूळ कामाच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. ९० टक्के व्यग्र असेल तर दहापट, आणि ९५ टक्क्यांवर वीसपट! त्यात मनुष्यस्वभावाची भर पडते. पान उघडत नाही म्हणून माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि त्याची दुसरी विनंती पहिलीच्या मागे उभी राहते. मग सर्व्हर कंटाळून निघून गेलेल्या माणसांसाठी पाने तयार करीत बसतो.

यावर उपाय म्हणजे विनंत्यांचे वर्ग पाडणे. पैसे जमा झाल्याचा बँकेचा निरोप हीदेखील सर्व्हरकडे आलेली एक विनंतीच असते. ती वेळापत्रक पाहणाऱ्यांच्या मागे अडकली, तर पैसे खात्यातून जातात आणि तिकीट मात्र हाती येत नाही. म्हणून आरंभलेला व्यवहार पुरा करणाऱ्या विनंत्यांना पहिला मान द्यावा. नव्याने येणाऱ्यांना त्यानंतर. नुसती माहिती पाहणाऱ्यांना आधीच तयार ठेवलेली प्रत देता येते. त्यासाठी मुख्य यंत्राला त्रास देण्याचे कारण नाही. माणसांऐवजी पाने वाचीत फिरणारे स्वयंचलित कार्यक्रम शेवटी यावेत, हे उघडच आहे.

ही निवड दारातच आणि अल्प श्रमात व्हावयास हवी. अर्धे काम झाल्यावर नकार देणे म्हणजे तेवढे श्रम वाया घालविणे. ज्याला आत घेता येत नाही त्याला सर्व्हर ५०३ हा सांकेतिक क्रमांक पाठवितो. ‘सेवा तूर्त उपलब्ध नाही’ असा त्याचा अर्थ. किती वेळाने परत यावे, हेही त्यासोबत कळविता येते. तासभर ताटकळत ठेवण्यापेक्षा असा तत्पर नकार अधिक सभ्यपणाचा म्हटला पाहिजे.

तथापि अग्रक्रम आंधळेपणाने पाळला तर खालच्या वर्गाची पाळी कधीच येत नाही. यासाठी प्रत्येक वर्गाला थोडा वाटा राखून ठेवतात, किंवा विनंती जितकी जुनी तितका तिचा मान वाढवितात. पानाचा कोणता भाग किती निकडीचा, हे ब्राउझरनेच ० ते ७ या अंकांत सांगण्याची पद्धत २०२२ मध्ये प्रमाणित झाली. त्यात ० सर्वांत निकडीचा आणि ३ नेहमीचा. सर्व्हरला ती सूचना असते, आज्ञा नव्हे. आणि हे योग्यच, कारण स्वतःचे काम सामान्य मानणारा मनुष्य विरळा.

कोणाला आधी घ्यावे, हा प्रश्न यंत्राचा नसून ते चालविणाऱ्यांचा आहे. रेल्वेने २०१५ मध्ये तत्काळ आरक्षणाच्या दोन वेळा करून गर्दी विभागली. जुलै २०२५ मध्ये अधिकृत दलालांना दोन्ही वेळांच्या पहिल्या अर्ध्या तासात तत्काळ तिकिटे काढण्यास मनाई झाली, आणि ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी ते काढणाऱ्याच्या आधारची पडताळणी आवश्यक ठरली.