घरासाठीं कॅमेरा कोणता घ्यावा?

आमच्या घरीं पणजोबांच्या हातची एक पोथी आहे. तिच्या कडांस कसर लागलेली दिसतांच पुतण्यानें लगबगीनें मोबाइलवर पानें टिपलीं. पडद्यावर तीं सुरेख दिसलीं. मोठीं करून पाहतां समासांतील टीपा पुसट, आणि पानावर मोबाइलचीच सावली! ‘रामो गतः’ आणि ‘रामोऽगतः’ यांत भेद तो एवढ्याशा अवग्रहाचा. परंतु पहिल्यांत राम गेला, दुसऱ्यांत गेलाच नाहीं. त्याच दिवशीं आम्हीं डिजिटल कॅमेरा घेण्याचें ठरविलें.

दुकानदार प्रथम मेगापिक्सेल सांगतो. त्या आंकड्यास वाचकांनीं भुलूं नये. २४ मेगापिक्सेलच्या चित्रांत आडवे सुमारें ६००० बिंदु असतात. १२ इंची पान त्यांत भरून घेतलें, तर इंचास ५०० बिंदु पडतात. बारीक अक्षरास तेवढे पुरेत.

खरी परीक्षा भिंगाची. छोट्या कॅमेऱ्यावर जवळच्या चित्रासाठीं फुलाचें चिन्ह असतें. पण बहुधा भिंग वस्तूस जवळजवळ टेंकवावें लागतें व प्रकाश अडतो. म्हणून भिंगें बदलतां येणारा कॅमेरा बरा. खऱ्या मॅक्रो भिंगांत १:१ प्रमाण मिळतें; म्हणजे एक सेंटिमीटरची वस्तु संवेदकावर एक सेंटिमीटरचीच उमटते. शिवाय सपाट पानाच्या कडाहि मध्याइतक्याच स्पष्ट येतात. १०० मिलिमीटरचें भिंग ६० मिलिमीटरच्या भिंगापेक्षां अधिक दुरून तेंच काम करतें, आणि मुंजींतील बटूचा चेहरा टिपण्यासहि उपयोगी पडतें. पंगतीच्या चित्रास मात्र कॅमेऱ्याबरोबर मिळणारें साधें भिंगच हवें.

जवळून टिपतांना वस्तूचा फारच थोडा भाग स्पष्ट येतो. यास्तव छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावें. तें याहून फार बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनानें चित्र मऊ पडतें. कॅमेरा ट्रायपॉडवर, बटण दाबल्यावर दोन सेकंदांचा विलंब, आणि दोहों बाजूंनीं सारखा प्रकाश, एवढें पथ्य पाळावें.

खर्चाची तक्रार घरांतून झालीच. तोड अशी निघाली, कीं कॅमेरा जुना पण सुस्थितींतील घ्यावा, आणि पैसा भिंगावर घालावा. तसेंच केलें.

शेवटच्या पानाचा कोपरा परवां उलटतांनाच हातीं आला. त्याचें चित्र आदल्याच दिवशीं घेतलें होतें. त्यांत अवग्रहहि शाबूत आहे.