पावसाळा, तबेले आणि तडकलेली काडतुसे

धातू निर्जीव, त्याला कसला आला थकवा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तांब्यापितळेचा स्वभाव ओळखणारा तांबट असे कधी म्हणणार नाही. पुण्याच्या तांबट आळीत पत्र्यावर ठोके पडू लागले की काही वेळाने पत्रा ताठरतो, आणि तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून तांबट त्याला मध्येच भट्टीत तापवितो. पत्रा पुन्हा मऊ होतो. या क्रियेस शास्त्रात 'अनुशीतन' म्हणतात. आमच्या मते तिचे महत्त्व सांगणारी सर्वांत बोलकी हकीकत भांड्यांची नसून काडतुसांची आहे.

बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी बहुधा ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. चकतीची वाटी आणि वाटीची लांब नळी, असे तिला साच्यातून पुनःपुन्हा ओढून घडवितात. थंड स्थितीत ओढल्यामुळे धातू कठीण होतो आणि त्याच्या अंगात ताण दडून राहतो.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पाहावे तो पुंगळ्या तडकलेल्या! ना आघात, ना बार. असे काडतूस ऐन वेळी दगा देणार, आणि शिपायाचा जीव तर त्याच्याच भरवशावर.

हे कोडे १९२१ साली सुटले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मूत्रापासून निघणारा अमोनिया हा बाहेरचा शत्रू, तर पितळेत दडलेला ताण हा घरभेदी. दोघांची गाठ पडली की पितळ तडकते. उपाय तांबटाच्याच घराण्यातला निघाला: पुंगळी बेताने तापवून तिच्यातील ताण घालवावा.

अमेरिकेसारख्या देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. तेथेही हीच विद्या उपयोगी पडते. बार होताच पुंगळीची मान फुगते. मग ती साच्यात दाबून पूर्ववत् करावी लागते. या ओढाताणीत मान कठीण होऊन अखेर चिरते. म्हणून केवळ मान व खांदा काही क्षण तापवितात. बूड मात्र कठीणच राहिले पाहिजे, कारण स्फोटाचा दाब तेथे पेलायचा असतो. बूड मऊ झाले तर नेमबाजाच्या डोळ्यांवर व हातांवर बेतते. पितळ सावकाश निववावे लागत नाही; पाण्यात बुडविले तरी त्याचा मऊपणा जात नाही, उलट उष्णता बुडाकडे सरकण्याचे थांबते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा वाचकांनी हे ज्ञान म्हणूनच घ्यावे.

घरापुरता बोध मात्र जरूर घ्यावा. मठारलेल्या भांड्याचा कणखरपणा त्या ठोक्यांतूनच आलेला असतो. असे भांडे रिकामे चुलीवर राहू देऊ नये. २३२ अंशांवर कल्हई वितळते. त्याहून फार तापले तर ठोक्यांनी कमावलेले बळही निघून जाते. आच तीच, ती कोठे आणि किती द्यावी, यातच सारी विद्या आहे.