चेन ताणली जात नाही, झिजते

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या चढावर सीटवरून उठून जोर लावत होतो आणि पायाखालचं पेडल एकदम रिकामं गेलं. चेन दात्यांवरून सटकली होती. मागून गाडी येत नव्हती म्हणून निभावलं. चेन तर आदल्याच दिवशी नवी टाकलेली! आठवडाभर मी त्या नव्या चेनलाच दोष देत राहिलो. खरा दोष कॅसेटचा, म्हणजे मागच्या दातेरी चाकांच्या संचाचा होता, आणि कॅसेट बिघडली होती ती जुनी चेन मी दोन पावसाळे ओढत नेली म्हणून.

नागपुरात आता पहाटे फुटाळा तलावाच्या काठाने, वर्धा रोडने, काटोल रोडने रोड बाईक दिसतात. इथलेच डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण करून आले आणि २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सैबेरियातून जाणारी ९,००० किलोमीटरच्या वरची शर्यतही त्यांनी पार केली. तेव्हापासून लांब अंतराची ओढ लागलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत. पण चेनबद्दलच्या आपल्या समजुती अजून वडिलांच्या काळ्या सायकलीच्याच आहेत. त्या सायकलीपुरत्या त्या बऱ्याच अंशी बरोबरही होत्या. एकच गिअर, सरळ रेषेत फिरणारी जाड चेन, वरून चेनकव्हर. रोड बाईकची चेन अरुंद असते, गिअर बदलताना आडवी वाकते आणि सगळी धूळ उघड्या अंगावर घेते. म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

गैरसमज १: चेन वापरून वापरून ताणली जाते.

वस्तुस्थिती: चेनच्या पोलादी पट्ट्या पायाच्या जोराने लांब होत नाहीत. झिजतात त्या आतल्या पिना आणि पिना ज्या कड्यात फिरतात ते कडं. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बुश-रोलर चेन घडवली, तेव्हापासून हा सांधा मुळात तसाच आहे. काळ्या सायकलीची चेन असो की रोड बाईकची, दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर.

नागपूरहून रामटेकला जाऊन यायचं म्हणजे साधारण १०० किलोमीटर. पुढे पेडलपाशी ५० दात्यांची चेनरिंग, मागे १७ दात्यांचं चाक आणि ११४ कड्यांची चेन धरली, तर तेवढ्या प्रवासात चेन सुमारे ७,००० फेऱ्या मारते. दर फेरीत प्रत्येक सांधा चेनरिंग, कॅसेट आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवर मिळून आठ वेळा वाकतो किंवा सरळ होतो. म्हणजे एका रविवारी एकेक सांधा पन्नास हजारांहून जास्त वेळा हलतो. आत बारीक धूळ शिरलेली असेल तर दरवेळी पॉलिश पेपर फिरल्यासारखं होतं. चेन अर्ध्या टक्क्याने वाढते, तेव्हा प्रत्येक सांधा फक्त ०.०६ मिलिमीटर झिजलेला असतो, जवळपास केसाच्या जाडीइतका. डोळ्यांना हे दिसणं शक्यच नाही.

गैरसमज २: “भाऊ, चेन ढिली झाली, दोन कड्या काढून देतो.”

वस्तुस्थिती: काळ्या सायकलीला हा उपाय चालायचा, कारण तिथे लोंबणारी चेन घट्ट करायची असायची. रोड बाईकमध्ये ढिलाई डिरेलरची स्प्रिंग आपोआप ओढून घेते. कड्या काढल्याने उरलेल्या पिनांमधलं वाढलेलं अंतर कमी होत नाही. उलट चेन आखूड होते. मग कधी चुकून पुढचं सर्वांत मोठं आणि मागचंही सर्वांत मोठं चाक एकत्र लागलं, तर डिरेलर मोडण्यापर्यंत वेळ येते.

गैरसमज ३: तुटत नाही तोवर चेन चांगली.

वस्तुस्थिती: चेन तुटण्याच्या कितीतरी आधी तिने दाते खाल्लेले असतात. कॅसेटचे दाते अर्ध्या इंचाच्या हिशोबाने कापलेले. चेनचं अंतर वाढलं की रोलर खाचेत नीट बसत नाहीत, दात्यांवर वर चढतात आणि दात्याची एक बाजू घासत जाते. जुनी चेन आणि जुने दाते सोबतच झिजलेले असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी जमतं आणि चालवणाऱ्याला काही कळत नाही. नवी चेन टाकली की तिचं अचूक अंतर त्या घासलेल्या दात्यांशी जुळत नाही आणि जोर लावला की ती सटकते. सेमिनरी हिल्सवर माझं नेमकं हेच झालं होतं. अशा वेळी चेन परत करायला दुकानात जाऊ नका, आधी सगळ्यांत जास्त वापरलेल्या चाकाचे दाते बघा. टोकं एका बाजूला झुकलेली असतील तर कॅसेट बदलावी लागेल, आणि तिची किंमत चेनच्या कितीतरी पट असते. चेन हा झिजण्यासाठीच केलेला स्वस्त भाग आहे. ती वेळेवर बदलली तर महागडे भाग वाचतात.

गैरसमज ४: ठरावीक किलोमीटर झाले की बदलायची.

वस्तुस्थिती: एकाची चेन ५,००० किलोमीटर चालते, दुसऱ्याची निम्म्यातच संपते. चालवणाऱ्याचं वजन, चढ, पाऊस, धूळ, तेल, सगळ्यांवर ते अवलंबून. किलोमीटर हा फक्त अंदाज आहे. मोजमाप हाच खरा निवाडा, आणि त्यासाठी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानातली इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी पुरते.

चेन सायकलवरच ठेवा. पेडलवर हात दाबून वरची बाजू ताणा. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढे २४ वी पिन बघा. नव्या चेनमध्ये ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का. ११ आणि १२ गिअरच्या चेन इथेच बदला. ८ ते १० गिअरच्या चेनला सव्वादोन मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पाऊण टक्क्यापर्यंत सवलत आहे. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल तर एक टक्का झाला, आणि बहुधा कॅसेटही सोबत गेली.

गैरसमज ५: सायकल २१ गिअरची, म्हणून चेनही २१ गिअरची.

वस्तुस्थिती: २१ हा गुणाकार आहे, पुढची ३ चाकं गुणिले मागची ७. चेन निवडताना फक्त मागची चाकं मोजायची. ती जितकी जास्त, तितकी त्यांच्यातली फट कमी आणि चेन तितकी अरुंद. बाहेरून मोजली तर ८ गिअरची चेन साधारण ७ मिलिमीटर रुंद, १० ची सुमारे ६, ११ ची साडेपाच आणि १२ ची सव्वापाचच्या आसपास. जाड चेन शेजारच्या चाकाला घासते. आणि काळ्या सायकलीची आतून रुंद चेन रोड बाईकवर नीट गिअरच बदलत नाही.

१२ गिअरच्या बाबतीत कंपनीही बघावी लागते. स्रॅमच्या रोड सेटच्या ‘फ्लॅटटॉप’ चेनचे रोलर मुळातच मोठे आहेत. ती शिमानोच्या कॅसेटवर चालत नाही आणि शिमानोची चेन तिच्या जागी चालत नाही. काही चेनना उजवी-डावी बाजूही असते. शिमानोच्या अशा चेनवर अक्षरं असलेली बाजू बाहेर, म्हणजे आपल्याला दिसेल अशी ठेवायची.

महाग चेन जास्त टिकतेच असंही नाही. वरच्या दर्जाच्या अनेक चेनमध्ये पैसे जातात ते पोकळ पिनांत आणि वाचवलेल्या थोड्या ग्रॅमांत. रोजच्या सरावाला मधल्या किमतीची, सीलबंद पाकिटातली चेन उत्तम.

गैरसमज ६: जुनी चेन शेजारी ठेवून नवी तेवढीच कापायची.

वस्तुस्थिती: एक टक्का झिजलेली ११४ कड्यांची चेन नवीपेक्षा साडेचौदा मिलिमीटर लांब भरते, म्हणजे एका कडीपेक्षाही जास्त. त्यामुळे लांबी धरून कापणाऱ्याचा हिशोब चुकतो. कड्या मोजा. जुन्या चेनची लांबी बरोबर होती याची खात्री नसेल, तर नवी चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चाकावरून फिरवा, टोकं जुळतात तिथून आणखी एक इंच ठेवा आणि मग चेन कटर लावा. तोडताना निघालेली पिन परत ठोकून जोडू नका, सांधा तिथेच उघडतो. कंपनीने दिलेली जोडपिन किंवा त्याच गिअरची क्विक लिंक, म्हणजे उघडता येणारी जोडकडी, वापरा. ११ आणि १२ गिअरच्या बऱ्याच क्विक लिंक एकदाच वापरायच्या असतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

गैरसमज ७: तेल जितकं जास्त, तितकी चेन खूश; आणि तेल कुठलंही चालतं.

वस्तुस्थिती: तेलाचं काम रोलरच्या आत आहे. बाहेरचं तेल फक्त धूळ गोळा करतं. बाल्कनीत सायकल उलटी करून डबीच्या डबी ओतण्यापेक्षा प्रत्येक रोलरवर एकच थेंब टाका, पेडल मागे फिरवत राहा, शक्यतो रात्रभर मुरू द्या आणि सकाळी निघण्याआधी कोरड्या फडक्याने बाहेरून पुसून घ्या. हात लावल्यावर बोट जेमतेम काळं व्हावं, चिकट नाही.

स्वयंपाकघरातली तेलं हवेने चिकट होतात. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि डिसेंबरच्या पहाटे नागपूर १० अंशांच्या आसपास असतं. मोटारसायकलचं जळकं ऑईल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनाच्या धातूची बारीक पूड असते. डब्ल्यूडी-४० चा निळा डबा पाणी हटवायला आणि जाम झालेलं सोडवायला चांगला, चेनचं रोजचं तेल म्हणून नाही.

ऋतूप्रमाणे तेल बदला. मार्च ते जूनपर्यंतच्या कोरड्या धुळीत ‘ड्राय’ ल्यूब किंवा मेण. पावसाळ्यात ‘वेट’ ल्यूब, आणि प्रत्येक भिजलेल्या फेरीनंतर चेन पुसून पुन्हा थेंब. नागपूरला वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. त्या चार महिन्यांत हयगय झाली तर दिवाळीपर्यंत चेन संपते.

गैरसमज ८: पेट्रोलने धुतली, गंज लिंबाने काढला की चेन नव्यासारखी.

वस्तुस्थिती: पितळेच्या भांड्याला चिंच चालते म्हणून चेनला लिंबू किंवा व्हिनेगर चालत नाही. आम्लाने कडक केलेलं पोलाद ठिसूळ होऊ शकतं, आणि मग पट्टी भर चढावर तडकते. पेट्रोल तर मे महिन्यातल्या उन्हात जीवघेणं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चेनची घाण चाकाच्या बेअरिंगमध्ये ढकलतो.

क्विक लिंक उघडून चेन काढा, शेगडीपासून दूर, झाकणाच्या बाटलीत घासलेट घेऊन त्यात हलवा, पुसा, पूर्ण वाळवा आणि मगच तेल द्या. गढूळ घासलेट मोरीत ओतू नका. ते शेवटी नाग नदीलाच मिळतं. बाटली दोन दिवस उभी ठेवली की गाळ खाली बसतो आणि वरचं स्वच्छ घासलेट पुढच्या वेळी कामी येतं. नव्या चेनला मात्र हे स्नान घालायची घाई नको. कंपनीचं ग्रीस रोलरच्या आतपर्यंत पोचलेलं असतं. साध्या तेलावर चालवायची असेल तर बाहेरून पुसून तशीच चढवा. मेण लावायचं असेल तरच ते पूर्ण काढा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी निघण्याआधी मी पट्टी लावतो आणि आकडा वहीत लिहितो. त्याला दोन मिनिटं लागतात. आकडा दीड मिलिमीटरच्या जवळ आला की पुढची चेन आणून ठेवतो. त्या चढावरच्या प्रसंगानंतर बसवलेल्या कॅसेटवर आता तिसरी चेन चालू आहे, आणि दाते अजून सरळ आहेत.