एक तास आणि दीड हजार कोटी वर्षे

बेंगळुरूच्या उत्तरेला जक्कूरमध्ये जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्च ही १९८९ साली स्थापन झालेली संस्था आहे. तिथे गॅलियम नायट्राइडचा स्फटिक निर्वात पेटीत, अणूंचा एकेक थर चढवत वाढवतात. या पद्धतीचा वेग तासाला साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चिपवर प्रकाशाला कोंडून नेणाऱ्या वेव्हगाइडला एवढी जाडी पुरते.

हीच जाडी प्रकाश किती वेळात पार करतो? सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार. असे जेमतेम आठ. तेवढ्या काळाला एक सेकंद मानलं, तर थर वाढवायला लागलेला तास त्याच मापाने सुमारे दीड हजार कोटी वर्षांचा होतो. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे.

एका मायक्रोमीटरमध्ये अणूंचे सुमारे ३,९०० दुहेरी थर बसतात. म्हणजे जवळजवळ सेकंदाला एक. दोन इंची चकतीवर तेवढ्यासाठी दर सेकंदाला गॅलियमचे सुमारे २३ हजार लाख कोटी अणू जागेवर बसावे लागतात. हे काम देशातल्या १४० कोटी माणसांना वाटून दिलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला दीड कोटीहून जास्त अणू येतील. सुदैवाने अणू आपली जागा आपणच शोधतात. माणसाने फक्त तापमान सांभाळायचं आणि मध्ये कचरा येऊ द्यायचा नाही.

हा ‘फक्त’ महागात पडतो. पेटीतली हवा अब्जाव्या भागापर्यंत उपसली तरी, भिडलेला प्रत्येक रेणू चिकटला तर, उरलेल्या वायूचा एक थर काही सेकंदांत जमतो, म्हणजे जवळजवळ स्फटिकाच्याच वेगाने! म्हणून वाढ सुरू करण्याआधी दाब त्याच्याही दहा हजारपट खाली नेतात. एवढ्या विरळ हवेत मोकळी जागा मिळाली, तर एक रेणू दुसऱ्याला धडकेपर्यंत सरासरी ५०० किलोमीटरांहून जास्त जाईल. बेंगळुरूहून निघालेला रेणू सरळ रेषेत बेळगाव ओलांडून जाईल. पेटी मात्र मीटरभराची, त्यामुळे तो भिंतीवरच आपटतो.

इतकं करूनही थर निर्दोष होत नाही. खाली सफायरची चकती असते आणि दोघांच्या अणूंचं अंतर जुळत नाही: वरच्या सहा ओळींच्या जागेत खालच्या सात. वेगवेगळ्या मापांच्या फरश्या एकमेकींवर बसवाव्यात तशी गत. ओळी तुटतात आणि चौरस सेंटिमीटरला १०० कोटीपर्यंत दोषरेषा, ज्यांना डिसलोकेशन म्हणतात, सरळ वर चढत जातात. याच स्फटिकाचे निळे एलईडी एवढे दोष पोटात घेऊनही झगझगीत पेटतात. याचं मला सगळ्यात जास्त नवल वाटतं.

वेव्हगाइडला मात्र बाजूच्या भिंतींचा खडबडीतपणा नडतो. दोन-चार नॅनोमीटरचे उंचवटेही प्रकाश बाहेर फेकतात. सेंटिमीटरला दोन डेसिबल, म्हणजे ३७ टक्के प्रकाश गळणं, या क्षेत्रात फारसं वावगं मानत नाहीत. काचेच्या दूरसंचार तंतूत तेवढीच गळती व्हायला १० किलोमीटर लागतात. चिपवरची प्रकाशाची वाट काही मिलिमीटरांत संपते, एवढ्यावरच हे निभावतं.