पेरलेले बी आणि भुकेली पाखरे

परसात वाफा करावा, मेथी-कोथिंबीर पेरावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिमण्या, साळुंक्या, पारवे तो उकरताना दिसावेत, हा अनुभव पुष्कळांना असेल. अशा वेळी माणूस संतापतो आणि विषारी दाण्यांची भाषा बोलू लागतो. आमचे म्हणणे असे की, यात वैर धरण्यासारखे काही नाही. बी थोडे दिवस सांभाळावयाचे आहे, इतकेच.

मेथी चारपाच दिवसांत वर येते. कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर रोपे जरा जून होईपर्यंत काय ती काळजी.

पहिला उपाय मातीचाच. बी उघडे टाकू नये. त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतके खोल पेरून वरची माती हाताने दाबावी. पाखरू डोळ्यांनी शोधते. न दिसलेला दाणा बहुधा वाचतो. नंतर ओले गोणपाट अंथरावे. कोंब दिसताच ते काढावे, नाहीतर उजेडावाचून रोपे पिवळी व लांबट होतात. मग बोरी-बाभळीच्या काटेरी फांद्या वाफ्यावर आडव्या ठेवाव्यात. जाळी लावल्यास ती चौकटीवर ताणून बसवावी. ढिल्या जाळीत पाखरे अडकून मरतात.

बुजगावण्यावर विसंबू नये. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार निराळा. एकाच जागी ठेवलेले बुजगावणे काही करीत नाही, हे पाखरे लवकर ओळखतात.

पाखरेच मारली तर? १९५८ साली चीनमध्ये चिमण्यांविरुद्ध मोहीम निघाली. थाळ्या बडवून, घरटी मोडून असंख्य चिमण्या मारल्या गेल्या. पण चिमणी पिलांना मुख्यतः किडे भरवते. ती गेली आणि कीड माजली. अखेर १९६० साली सरकारने चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकूण घातला.

गेलेला दाणा आपल्याला दिसतो. वेचलेली अळी कोणी मोजीत नाही. मजुराने केलेल्या कामाचाही हिशेब असाच एकतर्फी ठेवला जातो, हे आम्ही कामगारांत वावरताना पुष्कळ पाहिले आहे. म्हणून पंधरा-वीस दिवस वाफा जरूर झाकावा. मग मात्र पाखरांना मोकळेपणी येऊ द्यावे. त्यांचे तेथे काम आहे.