मुलगी सापडली, पुढे काय?

तंजावुरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की वाटेत ओरत्तनाडू लागतं. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परकं नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावाने इथे छत्र उभारलं. वाटसरूंना जेवण आणि मुलांना शिक्षण देणारी ही वास्तू आजही तिच्याच नावाने ओळखली जाते.

जानेवारी 2024 मध्ये हाच तालुका तामिळनाडूभर गाजला, तो दुसऱ्या एका स्त्रीमुळे. तिचं वय 19. तिरुप्पूरकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत काम करायला गेलेली ही मुलगी आणि तिच्याच भागातला एक दलित तरुण यांनी 31 डिसेंबरला लग्न केलं. वडिलांनी मुलगी हरवल्याची तक्रार दिली. 2 जानेवारीला पल्लडम पोलिसांनी तिला शोधून काढलं आणि वडिलांबरोबर पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला आणि घाईघाईने अंत्यसंस्कारही उरकण्यात आले. नवऱ्याने तक्रार दिल्यावर आई-वडिलांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पल्लडमच्या पोलीस निरीक्षकाला निलंबित करण्यात आलं.

बेपत्ता मुलीचं प्रकरण म्हणून पाहिलं तर ते 2 जानेवारीलाच ‘मिटलं’ होतं. मुलगी सापडली, बापाच्या हवाली झाली, सगळं सुरळीत.

इथेच पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे: सापडलेली मुलगी घरच्यांच्या ताब्यात द्यायची असते. अल्पवयीन असेल तर बालकल्याण समितीपासून पुढची सगळी प्रक्रिया ठरलेली आहे. पण अठरा पूर्ण केलेली स्त्री ही कुणाच्या ‘ताब्यात देण्याची’ वस्तू नाही. ती स्वतःहून गेली असेल, तर पोलिसांचं काम ती सुखरूप आहे एवढी खात्री करून घेण्याचं आणि तिचं म्हणणं नोंदवण्याचं. जिवाला धोका असल्याचं ती सांगत असेल, तर तिला संरक्षण देण्याचं. तिने कुठे राहायचं हे तीच ठरवते. हादियाच्या खटल्यात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आणि केरळ उच्च न्यायालयाने रद्द ठरवलेलं तिचं लग्न वैध धरलं. त्याच वर्षी 27 मार्चला शक्तिवाहिनी प्रकरणाच्या निकालात जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष उभारण्याचे, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचे आदेश आले. म्हणजे पल्लडमच्या ठाण्यात ती मुलगी उभी होती तेव्हा कायदा जवळपास सहा वर्षांचा जुना झाला होता. कमी पडला तो कायदा नव्हे.

बरं, ठाण्यात कुणी ऐकलंच नाही तर? उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करा अशी याचिका करता येते. तंजावुर जिल्ह्यासाठी ती मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात होते. 24 जुलै 2004 पासून चेन्नईपर्यंत जावं लागत नाही. मात्र याही याचिकेबद्दल एक भाबडी समजूत आहे की ती केली की हरवलेलं माणूस न्यायालय शोधून देतं. न्यायालयं वारंवार बजावत आली आहेत की या याचिकेला बेकायदा डांबून ठेवल्याचा काहीतरी आधार लागतो. नुसतं ‘सापडत नाही’ एवढ्यावर ती चालत नाही, तो शोध पोलिसांनीच घ्यायचा. शिवाय मुलगी न्यायालयासमोर येऊन ‘मी माझ्या मर्जीने गेले’ म्हणाली, तर तिथे विषय संपतो. आई-वडिलांना ते कितीही झोंबलं तरी.

चोवीस तासांचा गैरसमज सगळीकडे सारखाच, तंजावुर काय आणि सांगली काय. ‘उद्यापर्यंत वाट बघा, मग तक्रार घेऊ.’ असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. चोवीस तासांची मुदत कायद्यात आहे ती अटक केलेल्या माणसाला दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्यासाठी. हरवलेल्या माणसासाठी थांबायला ती सांगत नाही. मूल हरवलं असेल तर 2013 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थेट गुन्हाच नोंदवावा लागतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात घटनापीठाने ललिताकुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर बंधनकारक केला. तो खटलाही एका अपहृत लहान मुलीच्या वडिलांनीच दाखल केला होता, कारण ठाण्यात दाद लागत नव्हती. हद्दीचं कारणही आता चालत नाही, कारण कुठल्याही ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ होतो आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने त्याला पक्कं बूड दिलं आहे.

तामिळनाडूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. तिथे तक्रार दिल्यावर बहुतेकदा हातात ‘सी.एस.आर.’ची पावती पडते. ती तक्रार पोहोचल्याची पोच आहे, एफआयआर नव्हे. महाराष्ट्रात आपण ‘मिसिंग दाखल केली’ म्हणतो, त्याची गतही साधारण तीच. नोंद झाली म्हणजे गुन्ह्याचा तपास सुरू झाला, असं समजून लोक निर्धास्त होतात आणि आठवडे निघून जातात.

आठवडे कसे जातात, याचा महाराष्ट्रातला दाखला अंगावर काटा आणणारा आहे, कारण बेपत्ता झालेली स्त्री स्वतः पोलीस होती. सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे 11 एप्रिल 2016 पासून दिसेनाशा झाल्या. गुन्हा नोंदवायला 2017 साल उजाडलं. दरम्यान, संशय ज्याच्यावर होता तो पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याला त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपतींचं पोलीस पदक जाहीर झालं. भाऊ आणि नवरा मागे लागले, उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे डिसेंबर 2017 मध्ये कुरुंदकरला अटक झाली.

आणि याच खटल्याने आणखी एक समज मोडीत काढला: प्रेत नाही तर खून नाही. बिद्रे यांच्या देहाचे तुकडे करून ते वसईच्या खाडीत टाकले, असं तपासात पुढे आलं. खाडी धुंडाळूनही काही हाती लागलं नाही. तरी पनवेलच्या सत्र न्यायालयाने मोबाइलच्या नोंदी आणि परिस्थितीजन्य पुराव्याच्या बळावर कुरुंदकरला दोषी धरलं आणि 21 एप्रिल 2025 रोजी जन्मठेप सुनावली. मृतदेह मिळालाच पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच रामानंद खटल्यात सांगून ठेवलं आहे. ‘सात वर्षं थांबावं लागतं’ हे जे लोक सांगतात, ते वारसा, विमा, मालमत्ता यांच्यासाठी मृत्यू गृहीत धरण्याचं कलम आहे. खुनाच्या तपासाला त्याची वाट पाहावी लागत नाही.

बिद्रे खटल्यातली एक गोष्ट मात्र बातम्यांच्या गदारोळात कोपऱ्यात गेली. चार आरोपींपैकी एक निर्दोष सुटला. दोघांवर पुरावा नष्ट केल्याचाच दोष सिद्ध झाला. सगळ्यांना एकाच दोरीने बांधण्याची लोकांची घाई आणि न्यायालयाचं काम यांत फरक पडतो तो बचाव पक्ष प्रत्येकाचा वाटा वेगळा करून दाखवू शकतो म्हणून.

बचावाच्या वकिलाबद्दल आपल्याकडे जेवढी चीड असते तेवढी कदाचित आरोपीबद्दलही नसते. ‘असल्याचं वकीलपत्र घेतलंच कसं?’ गावोगावच्या वकील संघटना अशा वेळी ठराव करतात की आमच्यापैकी कुणीही या आरोपीसाठी उभा राहणार नाही. टाळ्या पडतात. पण असे ठराव रद्दबातल आहेत, आणि हे ठरलं ते तामिळनाडूच्याच प्रकरणात. कोइंबतूरच्या वकिलांनी पोलिसांविरुद्ध असा ठराव केला होता. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात 6 डिसेंबर 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे ठराव घटनाविरोधी आणि वकिली धर्माला सोडून असल्याचं सांगितलं. अठराव्या शतकात राजद्रोहाचा ठपका आलेल्या थॉमस पेनचं वकीलपत्र इंग्लंडच्या थॉमस अर्स्किनने घेतलं आणि त्यापायी आपलं पद गमावलं, याची आठवणही त्या निकालात आहे.

हे सगळं तत्त्व म्हणून ठीक, असं कुणी म्हणेल. मग व्यवहार पाहू. फेब्रुवारी 2017 मध्ये चेन्नईच्या मुगलिवाक्कम भागातून सात वर्षांची मुलगी बेपत्ता झाली आणि तिचा खून झाल्याचं उघड झालं. त्याच इमारतीत राहणारा तरुण पकडला गेला. सारं शहर खवळलं होतं. वर्ष उलटतं न उलटतं तोच, फेब्रुवारी 2018 मध्ये, चेंगलपट्टूच्या न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. आरोप निश्चित झाले तेव्हा त्याला वकीलच नव्हता. मग मिळाला त्याला तयारीला वेळ नव्हता. ज्याचा एवढा गवगवा झाला ते सीसीटीव्ही चित्रण न्यायालयात सादरच झालं नाही. आता त्या मुलीच्या आई-वडिलांच्या हाती काय उरलं? साडेआठ वर्षं आणि एक न सुटलेला खून. कच्च्या बचावाचा तोटा आरोपीइतकाच मुलीच्या घरच्यांना होतो, हे आपल्या गळी का उतरत नाही कोण जाणे.

वकिलाशिवाय चाललेला खटला जलद दिसतो, पण तो वरच्या न्यायालयात टिकत नाही. म्हणून तर 2019 साली खंडव्याच्या अशाच एका प्रकरणात फाशी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलं, की जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि तयारीला निदान सात दिवस मिळायला हवेत.

राहता राहिली प्रसिद्धी. गाजावाजा झाला की न्याय मिळतो, हे अर्धं खरं आहे. बिद्रे प्रकरण बातम्यांनी धगधगत ठेवलं नसतं तर ते विझलं असतं, यात शंका नाही. पण त्या गाजावाज्यातून काय बाहेर पडतं? ‘आरोपीची कबुली’. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, ब्रिटिशांच्या काळापासून नाही. आज भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 23 तेच सांगतं. नार्को चाचणीचंही तसंच. संमतीशिवाय ती करता येत नाही आणि तिचा अहवाल पुरावा ठरत नाही, असा 5 मे 2010 चा सेल्वी निकाल आहे. वसईच्या तरुणीच्या दिल्लीतल्या खुनानंतर 2022 मध्ये आरोपीच्या नार्कोवर वाहिन्यांनी दिवस काढले. पुढे एप्रिल 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला आरोपपत्रातला मजकूर दाखवण्यावर बंदी घालावी लागली.

शिवाय एक अवघड गोष्ट. मुलगी हरवली असताना तिचा फोटो जितका फिरेल तितका चांगला. पण शोधाअंती लैंगिक अत्याचार उघड झाला, तर त्या क्षणापासून तिची ओळख सांगणारं काहीही छापणं, फिरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. काल मदत म्हणून पुढे ढकललेला फोटो आज मोबाइलमधून काढून टाकावा लागतो. हे कुणी करत नाही.

आता कामाच्या गोष्टी. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तिच्यावर तारीख, वेळ आणि क्रमांक आहे ना ते पाहा, सी.एस.आर. असेल तर एफआयआर कधी होणार हे लेखी विचारा. ठाण्यात ऐकत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवा, मग दंडाधिकारी. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका, कारण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. घर सोडून गेलेल्या मुलीला मिळतो, तिच्या आईलाही मिळतो. तंजावुरलाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तातडीच्या मदतीला 112, महिलांसाठी 181, विधी सेवेसाठी 15100.