कॅमेरा खाली आला की दडपण वाढतं!

शॉर्टफिल्म करताय? पात्राच्या मनातला बदल संवादात कोंबू नका, कॅमेऱ्याला सांगू द्या. 🎬

सिडनी ल्युमेटचा ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) बघा. जवळजवळ अख्खा सिनेमा एकाच खोलीत! सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली. छत दिसायला लागतं. लेन्सही लांब पल्ल्याची होत जाते, म्हणून भिंती अंगावर येतात. शेवटच्या शॉटला वाइड लेन्स, आणि आपलाही श्वास मोकळा!

घरी करून बघा: मित्राला खुर्चीत बसवा. एक शॉट वाइडवर जवळून, दुसरा मागे सरकून टेलीवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लेन्सवर. चेहरा दोन्हीत तेवढाच ठेवा. मागची भिंत बघा, कशी पुढे सरकते!

ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळतही चालते. 😄